तो रिपोर्ट घडी घालून ठेवू नका

कपाटातल्या फायलीत, औषधांच्या डब्याखाली किंवा मोबाइलच्या फोटोंमध्ये कुठेतरी तुमच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट पडलेला आहे. वर ‘लिपिड प्रोफाइल’ लिहिलंय, तो. आधी तो शोधा. सापडेपर्यंत वाचन थांबलं तरी चालेल. चष्मा लावा, कागद समोर ठेवा आणि मगच पुढे वाचा.

हे आवाहन त्यांच्यासाठी आहे, ज्यांनी गेल्या वर्षा-दोन वर्षांत ताटातला भात, पोळी, बटाटा आणि साखर कमी केली किंवा बंदच केली. कोणी त्याला लो कार्ब म्हणतं, कोणी कीटो, कोणी नुसतंच ‘भात-पोळी सोडली’ म्हणतं. तुम्ही हे हौसेने केलेलं नाही. घरात कुणाचा तरी पाय शुगरने गेलेला तुम्ही पाहिलात. तुमची स्वतःची शुगर काठावर आली. जिना चढताना मध्येच थांबावं लागलं आणि मुलगी दोन पायऱ्या वर उभी राहून तुमची वाट पाहत राहिली. म्हणून तुम्ही ताट बदललंत. लग्नाच्या पंगतीत जिलबीला नाही म्हणालात. एकादशीला सगळं घर साबुदाण्याची खिचडी खात असताना तुम्ही काकडी आणि दही घेऊन बसलात. याला जिद्द लागते. वजन उतरलं, शुगर उतरली, त्याचा आनंद तुमच्या हक्काचा आहे. तो हिरावून घ्यायला मी आलेलो नाही.

माझी विनंती एवढीच आहे: अर्धा रिपोर्ट वाचून थांबू नका.

मी थांबलो होतो. माझे दोन रिपोर्ट तुमच्यासमोर ठेवतो. पहिला ताट बदलण्याआधीचा, दुसरा सात महिन्यांनंतरचा. ट्रायग्लिसराइड 240 होतं, ते 80 वर आलं. एचडीएल, ज्याला आपण ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणतो, ते 34 वरून 52 वर गेलं. वजन बारा किलो उतरलं होतं. मी या दोन ओळी वाचल्या, घरच्यांना वाचून दाखवल्या आणि कागद घडी घालून ठेवून दिला. त्याच कागदावर एलडीएलची ओळ होती. आधी 114, आता 194. आकडा ठळक छापलेला होता, बाजूला खूण होती. मला तो दिसला नव्हता असं नाही. मला तो वाचायचा नव्हता. कुणीतरी पाठवलेल्या एका मेसेजमध्ये लिहिलं होतं, की या आहारात एलडीएल वाढणं स्वाभाविक आहे, काळजीचं कारण नाही. मला जे ऐकायचं होतं तेच त्यात होतं. तीन आठवडे मी बायकोला तो आकडा सांगितला नाही.

तुमच्याही कागदावर अशी एखादी ओळ असेल, तर आज ती वाचा. मोठ्याने वाचा. शेजारी कुणी बसलं असेल तर त्यांनाही ऐकू द्या.

ती ओळ इतकी महत्त्वाची का? चरबी पाण्यात मिसळत नाही, तशी ती रक्तातही मिसळत नाही. म्हणून शरीर कोलेस्टेरॉल बारीक कणांमध्ये भरून रक्तातून फिरवतं. एलडीएल हे त्यातले एक कण. ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून आत शिरतात आणि काही तिथेच अडकतात. नळात गाळ साठावा तसं हे नसतं, ते भिंतीच्या आत घडतं. पावसाळ्यात भिंतीत ओल कशी मुरते ते आठवा. बाहेरून रंग ठाकठीक असतो. पाहुणे येतात, घर छान ठेवलंय म्हणतात. आत वर्षानुवर्षं पाणी मुरत असतं आणि एके दिवशी प्लास्टरचा पापुद्रा धाडकन खाली येतो. रक्तवाहिनीत तो पापुद्रा फाटला, की त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि पुढचा रस्ता बंद होतो. त्यालाच आपण ॲटॅक म्हणतो. ओल मुरताना दुखत नाही. एलडीएल 194 असलेल्या माणसाला काहीही होत नसतं. मला तर पूर्वीपेक्षा हलकं आणि ताजं वाटत होतं. म्हणून बरं वाटतंय यावर जाऊ नका. या बाबतीत शरीर आपल्याला काही सांगत नाही. सांगतो तो कागदच.

आता पेन घ्या. एक वजाबाकी करा. ‘टोटल कोलेस्टेरॉल’ मधून ‘एचडीएल’ वजा करा. जे उरतं त्याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या सगळ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल या एका आकड्यात येतं. बऱ्याच लॅब तो छापतात, काही छापत नाहीत. माझा पहिल्या रिपोर्टात 196 वजा 34, म्हणजे 162 होता. दुसऱ्यात 262 वजा 52, म्हणजे 210. ट्रायग्लिसराइड इतकं उतरलं, एचडीएल इतकं चढलं, तरी हा आकडा वाढलाच होता. चांगल्या ओळींनी वाईट ओळ पुसून निघाली नव्हती.

पहिल्या रिपोर्टाकडेही नीट पाहा, कारण अशा रिपोर्टाने आपल्यातले असंख्य लोक फसतात. टोटल 196. दोनशेच्या आत. मला तेव्हा सगळे म्हणाले, कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे. ते नव्हतं. ट्रायग्लिसराइड चढलेलं आणि एचडीएल पडलेलं, हा आपल्या देशातला अगदी नेहमीचा नमुना आहे. आयसीएमआर-इंडिॲब या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रासह चार ठिकाणच्या लोकांचं रक्त तपासलं होतं. 2014 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. तपासलेल्यांपैकी 79 टक्के लोकांच्या लिपिड प्रोफाइलमध्ये निदान एक आकडा बिघडलेला होता आणि 72 टक्क्यांचं एचडीएल कमी होतं. भात-पोळी-साखर कमी केल्याने नेमक्या याच दोन ओळी सुधारतात, म्हणून या आहाराचा आपल्याकडे इतका बोलबाला झाला. तो सगळा खोटा नाही. पण एकट्या टोटलवर विसंबू नका. टोटल कमी असली म्हणून निश्चिंत होऊ नका आणि वाढली म्हणून लगेच धीर सोडू नका, कारण त्यातला काही भाग वाढलेल्या एचडीएलचाही असतो. वजाबाकी करा.

आता त्या मेसेजविषयी. तो तुम्हालाही आला असेल. त्यात तीन गोष्टी ठरलेल्या असतात. एलडीएलचे कण मोठे, कापसासारखे असले तर ते बाधत नाहीत. ट्रायग्लिसराइड कमी आणि एचडीएल जास्त असेल तर एलडीएल कितीही असलं तरी चालतं. आणि कोलेस्टेरॉल हा औषध कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे. कृपा करून या वाक्यांवर आपला जीव टांगू नका. मोठे कणही भिंतीत शिरतात. किती कण फिरताहेत, यावर धोका ठरतो. काही घराण्यांत जन्मापासूनच एलडीएल फार वाढलेलं असतं. आई आणि वडील दोघांकडूनही हा दोष आलेली मुलं शाळकरी वयात, कधी ऐन विशीत हृदयविकाराने जातात. त्या मुलांना शुगर नसते, पोट सुटलेलं नसतं, तंबाखू नसते. असतं ते फक्त एलडीएल. ते रक्तातून उचलणारी यकृतावरची यंत्रणा मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी याच आजारावर काम करताना शोधली. त्यासाठी 1985 चं नोबेल त्यांना मिळालं.

उलट बाजूही पाहा. 2006 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशी कृष्णवर्णीय माणसं पाहिली, ज्यांच्या जनुकात जन्मतःच एक बदल होता आणि त्यामुळे एलडीएल आयुष्यभर सुमारे 28 टक्के कमी राहत होतं. त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण 88 टक्क्यांनी कमी निघालं. त्यांचा आकडा कुठल्या गोळीने उतरलेला नव्हता, कुठल्या कंपनीने त्यांना काही विकलं नव्हतं. हा परिणाम फक्त आयुष्यभर कमी राहिलेल्या आकड्याचा होता. इथे ‘आयुष्यभर’ या शब्दाकडे लक्ष द्या. 194 घेऊन सहा महिने काढणं वेगळं आणि दहा वर्षं काढणं वेगळं. तुम्ही आत्ता, पहिल्याच वर्षात हे वाचत असाल, तर तुमच्या हातात अजून खूप काही आहे.

म्हणून घाबरू नका. पण हलायला लागा.

सर्वांत आधी खात्री करा. एका रिपोर्टावर आयुष्याचा निर्णय घ्यायचा नसतो. वजन भराभर उतरत असतानाच्या काळात हे आकडे वरखाली होतात. त्यामुळे वजन महिना-दीड महिना एका जागी स्थिरावू द्या आणि मग पुन्हा रक्त द्या. नुकतंच मोठं आजारपण झालं असेल, ताप येऊन गेला असेल, तर थोडं थांबा. तपासणीला उपाशी जायचं असेल तर नऊ ते बारा तास पुरेत. एकभुक्त राहणारे काही जण अठरा-वीस तासांच्या उपासावर रक्त देतात, तसं करू नका. थायरॉइडची टीएसएच तपासणी सोबत करून घ्या, कारण थायरॉइड मंदावलं की एलडीएल चढतं आणि मग दोष बिचाऱ्या आहाराला जातो. बहुतेक लॅब एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, बाकीच्या आकड्यांवरून हिशेबाने काढतात. त्यासाठी 1972 पासून एक सूत्र वापरात आहे: टोटलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर हे सूत्र चालतच नाही. आकडा खटकला, तर डॉक्टरांना ‘डायरेक्ट एलडीएल’ किंवा त्याहून चांगली ‘अपोबी’ तपासणी करायची का, असं स्पष्ट विचारा. प्रत्येक घातक कणावर अपोबीचा एकच रेणू असतो. म्हणून तो मोजला की कण किती आहेत ते कळतं आणि कापसासारखे की गारगोटीसारखे, हा वादच उरत नाही.

पण खात्री करायच्या नावाखाली वर्ष घालवू नका. कारण आपल्याकडे वेळ कमी असतो. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासातली दक्षिण आशियाची आकडेवारी 2007 मध्ये वेगळी मांडली गेली. भारत आणि शेजारच्या देशांतल्या माणसांना पहिला ॲटॅक आला तेव्हा त्यांचं सरासरी वय 53 होतं. इतर देशांत ते जवळजवळ 59 होतं. 53 म्हणजे काय, हे घरात बसून नीट मोजा. मुलाचं शिक्षण अर्ध्यावर असतं. घराचे हप्ते सुरू असतात. आई-वडील थकलेले असतात आणि त्यांच्या दवाखान्याच्या खेपा तुम्हीच घालत असता. त्या वयात एक माणूस कोसळला की त्याच्यासोबत सगळं घर खाली येतं. तुम्ही ताट बदललंत ते याच घरासाठी ना? मग त्याच घरासाठी ही एक ओळही सांभाळा.

आकडा किती असावा? लॅबच्या कागदावर छापलेली मर्यादा सगळ्यांना सारखी असते. तुमची मर्यादा तुमच्या धोक्यावर ठरते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांनुसार कमी धोक्याच्या माणसानेही एलडीएल 100 च्या आत ठेवावं. डायबेटिस किंवा ब्लड प्रेशरसारखा जास्त धोका असेल तर 70 च्या आत. ज्यांना आधीच ॲटॅक येऊन गेला आहे, त्यांनी 55 च्या आत. या प्रत्येकात 30 मिळवले की नॉन-एचडीएलची मर्यादा मिळते: 130, 100 आणि 85. वजाबाकीतून आलेला तुमचा आकडा या तिन्हींपैकी तुमच्या मर्यादेशी ताडून पाहा. आणि एलडीएल 190 किंवा त्याहून जास्त असेल, तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांची वेळ घ्या. तो आकडा कधीकधी आहाराचा नसतोच, वंशातून आलेला असतो.

आणखी एक तपासणी आयुष्यात एकदा तरी करा. तिचं नाव लायपोप्रोटीन-ए. हा आकडा जन्माने ठरतो आणि आहाराने फारसा हलत नाही. तो 50 मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकी सगळं जास्तच काटेकोर सांभाळावं लागतं. आपल्या लोकांत तो चढलेला असणं मुळीच दुर्मीळ नाही. घरात कुणाला पन्नाशीच्या आत ॲटॅक आला असेल तर ही तपासणी पुढे ढकलू नका.

आता स्वयंपाकघरात चला. कारण माझा आकडा तिथे हलला आणि तुमचाही बहुधा तिथेच हलेल.

भात-पोळी काढली की पोटात रिकामी जागा राहते. ती कशाने भरली, यावर पुढचं सगळं ठरतं. मी ती तुपाने भरली. कॉफीत तूप, भाजीवर तूप, रात्री भूक लागली तर पनीर आणि चीज, आणि जमेल तिथे खोबरं आणि खोबरेल. कुणीतरी सांगितलं होतं, की कार्ब नसतील तर कितीही चरबी खा. तुपाला मी वाईट म्हणणार नाही. वरणभातावर पळीभर तुपाची धार हा आपल्या घराचा सुगंध आहे. पण ती पळी होती, वाटी नव्हती. तुपात निम्म्याहून अधिक चरबी संपृक्त असते. खोबरेलात तर जवळजवळ नव्वद टक्के. ही संपृक्त चरबी रक्तातलं एलडीएल उचलण्याची यकृताची ताकद कमी करते आणि कण रक्तात फिरत राहतात. शेंगदाण्याच्या तेलात ती वीस टक्क्यांच्या आसपास असते, करडईच्या तेलात दहाच्याही आत. सोलापूर-मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या असलेलं हे करडईचं तेल आपण मागे टाकलं आणि परदेशी डाएटमधली लोण्याची कॉफी डोक्यावर घेतली, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

म्हणून लो कार्ब सोडा असं मी म्हणत नाही. त्यातली चरबी बदला. कॉफीतलं तूप आजच बंद करा. फोडणीला शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल घ्या, तेही हात राखून. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा आणा, ते स्वस्तही आहेत आणि गुणीही. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, मूठभर शेंगदाणे, अक्रोड, बदाम. पालेभाजी आणि शेंगभाजी दुप्पट करा. मेथी, भेंडी, गवार, दोडका यांनी पोट भरतं आणि शुगर उडी मारत नाही. रात्री चमचाभर इसबगोल पाण्यातून घ्या. त्याचा बुळबुळीत तंतू पोटातच कोलेस्टेरॉलला धरतो आणि बाहेर नेतो. डॉक्टर हरकत घेत नसतील, तर मोड आलेल्या मटकीची एक वाटी उसळ, एखादी ज्वारीची भाकरी ताटात परत येऊ द्या. ज्यांचं वजन मुळात कमी आहे, अंग सडपातळ आहे, अशांचं एलडीएल कार्ब अगदी बंद केल्यावर फार चढतं, असं वारंवार दिसून आलेलं आहे. त्यांना थोडे कार्ब परत घेतल्यावरही खूप फरक पडतो. बारीक आहे म्हणून आपल्याला धोका नाही, असं समजू नका. या आहारात बारीक माणसानेच जास्त सावध राहायला हवं.

मी हे साडेतीन महिने केलं. वजन वाढलं नाही, शुगर चढली नाही. एलडीएल 194 वरून 131 वर आलं. डॉक्टर म्हणाले, पुरेसं नाही, वडिलांचा हृदयविकाराचा इतिहास पाहता गोळी लागेल. मी गोळी सुरू केली. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण गोळी म्हणजे हार, असं अनेकांना वाटतं. ती हार नाही. प्रत्येकाचा आकडा ताटाने पुरेसा उतरतोच असं नाही. रक्तातला दोष भेंडी खाऊन जात नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, चालू असलेली कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ‘आता वजन उतरलं, आता नैसर्गिक उपाय पुरे’ असं म्हणून पुष्कळ जण ती सोडतात. काही दिवस काहीच होत नाही. तिथेच माणूस फसतो. आत ओल पुन्हा मुरायला लागलेली असते. एलडीएल साधारण 39 ने उतरवलं की ॲटॅक आणि लकव्यासारखे प्रसंग सुमारे एक पंचमांशाने कमी होतात, हे लाखाहून अधिक लोकांवरच्या चाचण्यांतून एकत्र तपासलेलं आहे. गोळीने अंग दुखतं असं वाटलं, तर डॉक्टरांना सांगा. डोस बदलता येतो, औषध बदलता येतं, दुसऱ्या प्रकारच्या गोळ्याही आहेत. मूल होण्याचा विचार असलेल्या बहिणींनी तर हे आधीच बोलावं. पण न सांगता सोडू नका.

डायबेटिसच्या मित्रांनो, तुमच्यासाठी याहून तातडीचं एक सांगणं आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना अचानक कार्ब बंद केले, तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी चालू असेल, तर कडक लो कार्बमध्ये रक्तात आम्ल साठू शकतं आणि शुगर फारशी वाढलेली नसल्याने ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप, गळून जाणं असं काही झालं तर घरी लिंबूपाणी घेत बसू नका. सरळ रुग्णालयात जा आणि आपण काय खातो आणि कुठली गोळी घेतो, हे पहिल्याच वाक्यात सांगा. आणि अजून आहार बदललेला नसेल, उद्यापासून बदलायचा विचार असेल, तर आज औषधांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा.

डॉक्टर मंडळींनाही एक विनंती. असा माणूस समोर आला, की ‘कसलं खूळ हे, आधी जेवायला लागा’ म्हणून त्याला परत पाठवू नका. त्याने बारा किलो उतरवलेत. त्याला झिडकारलंत तर तो मेसेजकडेच परत जाईल. कागद समोर घ्या, ओळीवर बोट ठेवा, काय बदलायचं ते सांगा.

आणि घरातल्या प्रत्येकाने हे ऐकावं, अगदी ज्यांनी कधी रक्त तपासलं नाही त्यांनीही. छातीवर दाब, हात, जबडा किंवा पाठीत ओढ, थंड घाम, अकारण धाप, बायकांमध्ये नुसताच अनाकलनीय थकवा. यातलं काही आलं, की ॲसिडिटी म्हणून ओवा चावत बसू नका. सकाळ होईपर्यंत वाट पाहू नका. शेजाऱ्याला उठवायला लाजू नका. 108 लावा. बंद झालेली वाहिनी जितकी लवकर उघडते, तितका हृदयाचा स्नायू वाचतो.

आज रात्री जेवणाआधी आणखी एक काम करा. तुमचं एलडीएल 190 च्या वर असेल, किंवा घरात कुणाला कमी वयात ॲटॅक आला असेल, तर भावाला, बहिणीला फोन लावा. तो वंशातून आलेला दोष असेल तर तुमच्या प्रत्येक भावंडाकडे आणि प्रत्येक मुलाकडे तो असण्याची शक्यता निम्मी असते. साधारण अडीचशे माणसांमागे एकाला हा दोष असतो. म्हणजे एका मोठ्या लग्नाच्या मांडवात दोन-तीन जण. त्यातल्या बहुतेकांना हे ठाऊक नसतं. भारतीय मार्गदर्शक तत्त्वं पहिली तपासणी 18 व्या वर्षी करायला सांगतात, आणि घरात असा इतिहास असेल तर त्याहूनही आधी. तुमच्या पुतण्याचं, भाचीचं वय काय आहे?

बायकोला मी तो आकडा तीन आठवड्यांनी सांगितला. ती रागावली नाही. तिने दुसऱ्या दिवशी स्वतःचं रक्त दिलं. तिचंही एलडीएल 160 निघालं. तिने भात कधीच सोडला नव्हता. पण मी सांगितलं नसतं, तर तिने तपासलंच नसतं.

कागद अजून समोर आहे ना? टोटलमधून एचडीएल वजा करा. उत्तर कडेला पेनाने लिहा. मग ज्यांच्यासाठी तुम्ही जिलबी सोडलीत, त्यांना हाक मारा आणि तो आकडा दाखवा.